तिसऱ्या आंघोळीलाच गॅस गीझर का बंद पडतो?

आमच्याकडे दोन हिवाळे एकच तक्रार होती. आधी मुलाची आंघोळ, मग ह्यांची. दोन्ही निर्वेध. सासूबाई आत गेल्या की चार-पाच मिनिटांत गॅस गीझर बंद. आतून हाक यायची, "अगं, गार आलं!" आणि मी गॅसवर उकळत ठेवलेलं पातेलं चिमट्यात धरून धावायची. ग्वाल्हेरात जानेवारीच्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर असतो, धुकं असेल तर दुपारपर्यंत ऊन नाही. अशा वेळी अंगाला साबण लावून बसलेल्या पंचाहत्तरीच्या बाईला "जरा थांबा हं" म्हणणं किती अवघड, ते ज्याच्या घरी झालंय त्यालाच कळेल.

दोन वर्षांत तीन मिस्त्री येऊन गेले. सेल बदलले, डायफ्राम बदलला, गॅसचा व्हॉल्व्ह बदलला. कारण शेवटी निघालं ते गीझरच्या आत नव्हतंच. ते सांगतेच, पण आधी बाकीचं. कारण तुमचा गीझर मधेच बंद पडत असेल तर शंभरातल्या बऱ्याच वेळा कारण साधं असतं, आणि ते घरच्या घरी, मिस्त्रीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात सापडतं.

आधी नुसतं ऐका

गीझरला हात लावण्यापूर्वी एक सकाळ त्याच्यासमोर स्टूल टाकून बसा. खरंच सांगते. आतून कोणालातरी नळ सोडायला सांगा आणि कान द्या.

गॅस गीझरचं काम असं चालतं: पाणी वाहू लागलं की आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, दाबाने सरकतो. तो एक पिन ढकलतो, पिन एक छोटा स्विच दाबते, सेलवर चट-चट-चट ठिणगी सुरू होते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. भप् करून ज्वाळा पेटते. ज्वाळेजवळची एक बारीक कांडी ज्वाळा आहे की नाही ते बघत असते. नसेल तर गॅस बंद. एवढंच. तेव्हा कुठल्या पायरीवर गाडी अडली ते आवाजावरून समजतं.

नळ सोडला आणि चट-चट आलीच नाही, तर पाणी कमी पडतंय किंवा सेल संपलेत, किंवा एखाद्या सेन्सरने मुद्दाम तोंड मिटलंय. चट-चट झाली पण भप् झालं नाही, तर गॅस पोचत नाही. भप् झालं आणि दोन-तीन सेकंदांत विझलं, तर ती कांडी काजळली आहे किंवा सेल अर्धमेले आहेत. छान पेटून, पाच-दहा मिनिटं चालून मग बंद पडला, तर गोष्ट निराळी. आमची होती ती.

एक आणखी. पुष्कळ मॉडेलांना २० मिनिटांचा टायमर असतो. सलग २० मिनिटं नळ चालू राहिला की गीझर आपोआप बंद होतो. हा बिघाड नाही, तशीच रचना आहे. नळ बंद करून पुन्हा सोडला की चालू.

पाण्याची बाजू

सर्वांत जास्त वेळ इथेच द्या.

आमच्या गीझरच्या पाटीवर किमान दाब ०.२५ बार लिहिलाय. टंकीच्या हिशेबात सांगायचं तर दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब मिळतो. म्हणजे गीझरपेक्षा पाण्याची पातळी अडीच मीटर वर हवी. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, जुनं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली म्हणून हे लष्कर, आणि अशा जुन्या वाड्यांचे मजले ठेंगणे. गीझर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, टंकी लगेच वरच्या गच्चीवर. भरलेली असली की तीन मीटर मिळतात, तळाला गेली की दोनच. सकाळी धुणं-भांडी, झाडांना पाणी, दोन आंघोळी झाल्या की टंकी अर्ध्याखाली. मग गीझरने तरी काय करावं? आम्ही आता मोटर रात्रीच लावून टंकी काठोकाठ भरून ठेवतो. याने निम्मी तक्रार कमी झाली. ज्यांची टंकी गीझरच्या डोक्यावर जेमतेम हातभर आहे त्यांनी मिस्त्रीवर पैसे घालण्याऐवजी गीझर खाली उतरवावा किंवा टंकीला उंच ओटा करावा.

मग जाळी. पाण्याचा पाइप गीझरला जिथे लागतो त्या नटाच्या आत बोटाच्या पेराएवढी एक जाळी असते. आमच्या नळाला तिघरा धरणाचं पाणी येतं. कमी पडलं की बोअरचं चढवतो, आणि बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. टंकी साफ केल्यावर तळाचा गाळ हलतो तो थेट या जाळीत येऊन बसतो. खालचा कॉक बंद करा, गॅस बंद करा, खाली बादली ठेवा. आता एका पान्याने नट फिरवताना दुसऱ्या पान्याने गीझरकडचा तांब्याचा तुकडा घट्ट धरून ठेवा. हे विसरलात तर नटाबरोबर आतली तांब्याची नळी पिळवटते आणि दहा मिनिटांचं काम दोन हजारांवर जातं. (आमच्या शेजाऱ्यांकडे गेलं.) जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासा. पांढरा थर असेल तर टाटरीच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. इकडे सायट्रिक ॲसिडला टाटरीच म्हणतात, लोणचं-सरबताच्या सामानात मिळते. रबरी वॉशर चपटं झालं असेल तर नवीन घाला.

हँडशॉवरची भोकंही बघा. क्षारांनी बुजली की पाणी कमी वाहतं, डायफ्राम सरकत नाही, आणि सगळे गीझरला नावं ठेवतात. शॉवरचं तोंड रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की पुरे.

आणि एक सवय, जी घरोघर आहे. पाणी फार कढत आलं की आपण गार नळ सोडून मिसळतो. एकाच मिक्सरमध्ये गार पाणी जोरात आलं की गरम बाजूचा प्रवाह मागे रेटला जातो, गीझरमधून पाणी जेमतेम थेंबथेंब वाहतं आणि तो बंद पडतो. गार मिसळू नका. गीझरवरचं गॅसचं बटण कमी करा. दोन बटणं असतात, एक गॅसचं, एक पाण्याचं. कित्येक मॉडेलांत तिसरं उन्हाळा-हिवाळ्याचं, ते किती बर्नर पेटतील हे ठरवतं. आमच्याकडे ते बटण चार वर्षं उन्हाळ्यावर होतं आणि आम्ही हिवाळ्यात "गीझर म्हातारा झाला" म्हणत होतो.

याच्या उलटही होतं: पाणी नुसतं कोमट येतं. सहा लिटरचा गीझर याचा अर्थ मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा. मे महिन्यात टंकीचं पाणी मुळातच ३५ अंशांचं असतं. जानेवारीत ते १० अंशांवर येतं. त्यात २५ मिळवले तर ३५ होतात, आणि ३५ अंशांचं पाणी त्या गारठ्यात अंगावर कोमटच लागणार. बिघाड काही नाही. पाण्याचं बटण कमी करा, धार बारीक होईल पण पाणी कढत येईल.

सेल

दोन मोठे सेल, दीड-दीड व्होल्टचे. थंडीत सेलची ताकद घटते, म्हणून संध्याकाळी चालणारा गीझर पहाटे रुसतो. दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा नको. रिचार्जवाले घालू नका, ते १.२ व्होल्टचे असतात, दोन मिळून अडीचही भरत नाहीत. होळी झाली की सेल काढून ठेवा. मी एका वर्षी विसरले. ऑक्टोबरात डबी उघडली तर सेल पाझरून स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशी. पॉलिश पेपरने घासून स्प्रिंग वाचली, पण एक पट्टी गेलीच.

गॅसची बाजू, आणि सिलिंडर थंडीत का दमतो

घरच्या गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो, ब्युटेन मात्र शून्याच्या जरासा खाली, उणे अर्ध्या अंशाला. नव्या सिलिंडरमधला प्रोपेन आधी भराभर निघून जातो आणि तळाशी ब्युटेनचं प्रमाण वाढत जातं. पाच अंशांच्या सकाळी त्या ब्युटेनला वाफ होण्याचा उत्साह कुठून असणार? शिवाय द्रव गॅसची वाफ होताना तो सिलिंडरचीच उष्णता ओढून घेतो. गीझर हा खादाड प्राणी. पूर्ण जोरात तो चार-पाच शेगड्यांएवढा गॅस घेतो, तासाला किलोभराच्या आसपास. त्यामुळे दुसरी आंघोळ संपेपर्यंत सिलिंडर हाताला गार लागतो, बाहेरून दवाचं कडं धरतं. त्या कड्याच्या उंचीवरून गॅस किती उरलाय तेही कळतं, तेवढाच फायदा.

म्हणजे तिसऱ्या आंघोळीला बंद पडायला हेही एक कारण होऊ शकतं, विशेषतः सिलिंडर संपत आला असेल तर. ओळख सोपी: स्वयंपाकघरातला भरलेला सिलिंडर एक सकाळ गीझरला लावून बघा. चालला तर निदान झालं. गीझरचा सिलिंडर निम्म्यावर आला की तो स्वयंपाकाला घ्यायचा आणि नवा गीझरला, अशी अदलाबदल आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी करतो. शेगडीला थोडाच गॅस लागतो, तिला चालतं.

सिलिंडरवर गरम पाणी ओतणं, त्याला शेगडीजवळ ठेवणं, आडवा पाडणं, हलवणं, यातलं काहीही करू नका. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव गॅस नळीत येतो, मग जी ज्वाळा उठते ती गीझरच्या बाहेर उठते. आमच्या गल्लीत सिलिंडर परातीतल्या कढत पाण्यात उभा करण्याची प्रथा आहे. मी दोनदा सांगून बघितलं, आता त्या घरी सकाळी जात नाही.

नळी नारिंगी, तारेची गुंफण असलेली घ्या आणि तिच्यावर छापलेलं वर्ष वाचा. पाच वर्षांनी ती बदलायचीच, बाहेरून कितीही नवी दिसली तरी. सांध्यांना महिन्यातून एकदा साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला की गळती. काडी पेटवून गळती शोधणारे अजून आहेत. वास आलाच तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेच्या एकाही बटणाला हात नाही, आणि १९०६ वर फोन, तोही बाहेर जाऊन. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीवर साचतो. वरची खिडकी उघडून भागत नाही, दार सताड उघडावं लागतं.

आता आमचं कारण

वर सांगितलं ते सगळं करून झालं. टंकी भरलेली, जाळी चकचकीत, सेल नवे, सिलिंडर नवा. तरी तिसऱ्या आंघोळीला बंद. नळ पुन्हा सोडला तर चट-चटसुद्धा नाही. वीस मिनिटांनी पुन्हा सोडला की जणू काही झालंच नव्हतं अशा थाटात भप्.

मिस्त्री यायचा साडेअकरा-बाराला. गीझर त्याच्यासमोर अर्धा तास शहाण्या मुलासारखा चालायचा. पहिला म्हणाला, "पानी का प्रेशर." दुसरा म्हणाला, "व्हॉल्व्ह." तिसरा जरा जाणकार वाटला. त्याने कव्हर काढलं, वर जिथून जळका वायू बाहेर पडतो तिथला दोन तारांचा एक सेन्सर दाखवला, म्हणाला हाच गरम होऊन कापतोय. आणि माझ्या देखत त्या दोन तारा एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळली. "डायरेक्ट कर दिया है भाभीजी. अब नहीं बंद होगा."

खरंच नाही झाला. दोन दिवस घरात आनंदीआनंद. सासूबाईंनी मला दोन वर्षांत पहिल्यांदा "झालं बाई एकदाचं" म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्या आंघोळ करून बाहेर आल्या त्या भिंतीला धरून. डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात त्राण नाही. "पित्त झालं असेल," त्या म्हणाल्या. त्यांना पित्त होतं, मीही तेच धरून चालले. गॅलरीत ऊन आलं तेव्हा खुर्ची टाकून बसवलं. अर्ध्या तासात बऱ्या. तेव्हा मला आठवलं की मागच्या हिवाळ्यातही आंघोळीनंतर त्यांचं डोकं दुखायचं, आणि आम्ही त्याला कधी पित्त म्हणायचो, कधी थंडी, कधी ओले केस.

खुर्चीपाशी उभी असताना मी सहज वर बघितलं. गॅलरीला ताडपत्रीचा पडदा आहे, जाड प्लास्टिकचा. तानसेन समारोहाच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरात गारठा वाढला की आम्ही तो सोडतो आणि संक्रांत उलटून जरा ऊब आली की गुंडाळतो. रात्रभर खाली सोडलेला, कडांना विटा ठेवलेल्या, वारा आत येऊ नये म्हणून. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी आटोपल्या की दहाच्या सुमाराला कपडे वाळत घालायला मी तो वर बांधते.

आणि मिस्त्री येतो साडेअकराला.

म्हणजे पहाटे सहा ते सात आमचा गीझर एका बंद पेटीत जळत होता. पहिली आंघोळ, दुसरी आंघोळ, त्याचाच गरम जळका वायू त्याच्याच डोक्याभोवती साचत होता. तिसऱ्या वेळेपर्यंत वरचा भाग इतका तापायचा की तो दोन तारांचा सेन्सर वैतागून गॅस तोडायचा. निवला की परत चालू. आणि न्हाणीघराचा झरोका उघडतो कुठे, तर त्याच गॅलरीत.

गॅस पुरेशा ताज्या हवेशिवाय जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. गॅसला घातलेला तो कुबट वास जळून गेलेला असतो, त्यामुळे नाकाचाही उपयोग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. आधी डोकं जड, मग मळमळ, चक्कर, पायातली शक्ती जाणं. पुढे माणूस दार उघडायला उठू शकत नाही. न्हाणीघरात कडी लावून बसलेली माणसं अशी गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आपण वाचतो आणि पान उलटतो.

त्या सेन्सरला बिचाऱ्याला दोन वर्षं आम्ही खोटं ठरवत होतो.

त्या दुपारी मी गीझरचा गॅस बंद केला, वेगळा मिस्त्री बोलावून टेप काढून नवा सेन्सर बसवला, आणि तो बसेपर्यंत चार दिवस चुलीवरच्या पातेल्यांवर काढले. सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं, तपासून घेतलं. तुमच्याकडे कोणाला असं झालं तर पित्ताची गोळी देऊन झोपवू नका. आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, आणि लगेच दवाखाना. "आंघोळीनंतर झालं, गॅस गीझर आहे" हे डॉक्टरांना तोंडाने सांगा. ते न सांगितल्यास तेही पित्तच समजू शकतात.

सासूबाई यावर एक बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं आहे. त्यांच्या माहेरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत गोवऱ्या, ढलप्या, कणसाची बुरकुंडं. एका बाजूने गार पाणी ओतायचं, दुसऱ्या बाजूच्या तोटीतून कढत यायचं. "तो कधी कोणी न्हाणीत ठेवला का गं? अंगणातच असायचा. धूर व्हायचा ना." हे यंत्रही बंबच आहे. फक्त धूर दिसत नाही, म्हणून आपण त्याला घरात घेतलं.

तुमच्याकडे हे बघून घ्या

गीझर न्हाणीघरात असेल तर तो आधी बाहेर काढा, बाकीचं नंतर. "खिडकी आहे की" हे उत्तर नाही. थंडीत ती खिडकी कोण उघडी ठेवतं? बाहेर असेल तर ते "बाहेर" हिवाळ्यातही बाहेरच राहतं का ते बघा. काचेची सरकती खिडकी, पडदा, प्लायवुड, वाळत घातलेली गोधडी, काहीही चालतं त्याला आत करायला. न्हाणीघराची जाळी किंवा झरोका गीझरजवळ उघडत असेल तर तो बंद करून दुसऱ्या बाजूला हवा द्या. आम्ही तेच केलं. पडदा आता वरून हातभर आणि खालून वीतभर उघडा ठेवतो, आणि गीझरच्या डोक्यावर पत्र्याची नळी बसवून ती पडद्याच्या पलीकडे काढली. नळीला बाहेरच्या टोकाला टोपी हवी, नाहीतर वारा उलटा शिरतो आणि ज्वाळा विझते.

ज्वाळेचा रंग आठवड्यातून एकदा त्या छोट्या खिडकीतून बघा. निळी, शांत, टोकं टवटवीत असेल तर ठीक. पिवळी, लांब, डोलणारी असेल, किंवा कव्हरच्या वरच्या झरोक्यांवर काजळी धरली असेल तर गीझर बंद ठेवा आणि मिस्त्री बोलवा. सहा महिने बंद राहिलेल्या गीझरच्या बर्नरमध्ये कोळी घरं करतात, तेवढ्यानेही ज्वाळा पिवळी होते. बाहेरची धूळ, खालच्या जाळीवरची जळमटं गॅस बंद करून, गीझर गार असताना मऊ ब्रशने तुम्ही काढू शकता. बर्नर, जेट (गॅस बाहेर पडतो ते बारीक भोक), गॅस व्हॉल्व्ह यांना हात लावू नका. सुई घालून जेट मोठं केलेली एक बाई माझ्या माहितीत आहे.

नळ बंद केल्यावरही ज्वाळा चालू राहिली, एक क्षणभर जास्त जरी, तर पिन अडकतेय. रेग्युलेटर तिथल्या तिथे बंद. आतलं साचलेलं पाणी उकळतं आणि पुढच्या वेळी नळ सोडणाऱ्याच्या हातावर वाफ येते. गीझरच्या पोटाखालून पाण्याचे थेंब पडत असतील तर बहुधा डायफ्राम फाटलाय. ही दोन्ही मिस्त्रीची कामं.

मिस्त्रीला बोलवाल तेव्हा तुमच्या अडचणीच्या वेळेला बोलवा. पहाटे सहाला कोणी येत नाही हे मान्य. मग निदान आदल्या दिवशीसारखीच परिस्थिती करून ठेवा: पडदा खाली, दोन बादल्या पाणी आधीच काढलेलं, टंकी तेवढीच रिकामी. किंवा बंद पडतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, आवाजासकट. मी कॅलेंडरच्या मागे लिहायला लागले होते, कितव्या आंघोळीला, किती मिनिटांनी, चट-चट आली की नाही. हेच कागदावर दोन वर्षांपूर्वी उतरवलं असतं तर "तिसरी" हा शब्द रोज डोळ्यासमोर आला असता. आणि "डायरेक्ट" हा शब्द मिस्त्रीच्या तोंडून आला की चहा पाजून त्याला वाटेला लावा.

उन्हाळ्याला आराम देताना खालचा स्क्रू काढून आतलं पाणी सोडून द्या, सेल काढा, वर जुनं चादरीचं फडकं टाका. ऑक्टोबरात पहिल्यांदा लावण्यापूर्वी फडकं काढायला विसरू नका; एवढं मी का लिहितेय ते विचारू नका.

सेलवर चालणारं कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं यंत्र आम्ही न्हाणीघराच्या दाराबाहेर लावलंय. दोन महिन्यांत एकदाही वाजलं नाही. मुलगा म्हणतो फुकट गेले पैसे. त्याच्याबद्दलच एक उरलं: दर रविवारी गीझर अजूनही बंद पडतो, पहिल्याच आंघोळीला, आतून "आई, गार आलं!" अशी हाक येते. मी घड्याळ लावून बघितलं. बरोबर २० मिनिटं.